ख्रिस्ती असणं म्हणजे नेमकं काय? मुंबईत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत राहणाऱ्या बहुतेक माणसांच्या इमारतीत, ऑफिसात नाही तर वर्गात एखादं तरी ख्रिस्ती कुटुंब ओळखीचं असतं. तरी लग्नाची पत्रिका आली किंवा अंत्यविधीला जायची वेळ आली की साध्या गोष्टी अडतात. कुठे बसायचं, काय खायचं, काय बोलायचं? आणि मनातले मोठे प्रश्न तर कुणी तोंडावर विचारतच नाही. ते सगळे इथे घेतले आहेत. यातले काही ख्रिस्ती घरांतली तरुण मुलंही विचारतात.

आई-वडील ख्रिस्ती, म्हणजे मूल जन्मतःच ख्रिस्ती ना?

नाही. जनगणनेच्या कागदावर तसं लिहिलं जातं, पण बहुतेक चर्चच्या दृष्टीने माणूस ख्रिस्ती होतो तो बाप्तिस्म्याने. डोक्यावर पाणी ओततात किंवा माणसाला पाण्यात बुडवून वर काढतात आणि सोबत शब्द उच्चारतात: “मी तुला पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो.” पाणी आणि हे शब्द, दोन्ही लागतात.

कॅथलिक आणि मेथडिस्ट मंडळ्यांत, म्हणजे ख्रिस्ती पंथांत, तान्ह्या बाळालाही बाप्तिस्मा देतात. सीएनआयमध्ये, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये, बालबाप्तिस्मा आणि मोठेपणीचा बाप्तिस्मा असे दोन्ही मार्ग आहेत. बाप्टिस्ट आणि पेंटेकोस्टल मंडळ्या मात्र माणूस कळता झाल्यावर, त्याने स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा देतात.

इथे एक घोळ होतो. सीएनआयमध्ये बाप्तिस्मा झालेली व्यक्ती कॅथलिक झाली, तर तिला पुन्हा बाप्तिस्मा द्यायचा नसतो. पाणी आणि शब्द योग्य होते, तेवढं पुरतं. फक्त मूळ दाखला आणावा लागतो. दाखला हरवला म्हणून किंवा माहिती लपवून दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला, तर दोन नोंदी तयार होतात आणि लग्नाच्या वेळी त्या जुळवताना सगळ्यांच्या नाकी नऊ येतात.

आणि दाखला हातात असणं म्हणजे काम संपलं, असंही नाही. रविवारी चर्चला जाऊन सोमवारी घरकामाच्या बाईचा पगार अडवून ठेवणाऱ्याला बायबल काही सवलत देत नाही. याकोबाचं पत्र मजुरांची मजुरी अडवणाऱ्यांना फार कडक शब्दांत सुनावतं.

“ती ख्रिश्चन नाही, कॅथलिक आहे” हे बरोबर आहे का?

चूक. कॅथलिक हे ख्रिस्तीच आहेत, जगभरच्या ख्रिस्ती लोकांत त्यांचीच संख्या सर्वांत मोठी आहे. मुंबईत कॅथलिकांचं महाधर्मप्रांत आहे (धर्मप्रांत म्हणजे एका बिशपच्या देखरेखीखालचा भाग). वसईचं धर्मप्रांत १९९८ साली त्यातून वेगळं झालं. केरळमधून आलेल्या सीरो-मलबार कॅथलिकांचं कल्याण महाधर्मप्रांत आहे. याशिवाय सीएनआय (सहा मंडळ्या एकत्र येऊन २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेली), मेथडिस्ट, ऑर्थोडॉक्स आणि मार्थोमा, साल्व्हेशन आर्मी, पेंटेकोस्टल मंडळ्या आहेत. पोपना प्रमुख मानतात ते फक्त कॅथलिक. फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथीड्रल कॅथलिक नाही, सीएनआयचं आहे. तिथे रोमहून कुणी आदेश देत नाही.

धर्मगुरूंबद्दलही असाच गोंधळ होतो. रोमन कॅथलिक फादर अविवाहित असतात. प्रोटेस्टंट, म्हणजे सीएनआय, मेथडिस्ट यांसारख्या मंडळ्यांच्या पाळकांना (धर्मगुरूंना) घरसंसार असतो, आणि काही मंडळ्यांत स्त्रियाही पाळक आहेत.

हा परक्यांचा धर्म आहे, मग मराठी माणूस ख्रिस्ती कसा?

हा प्रश्न सर्वांत जास्त दुखावतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

येशू पश्चिम आशियातला यहुदी होता, युरोपियन नव्हता. केरळमधल्या ख्रिस्ती परंपरेनुसार संत थॉमस इ.स. ५२ मध्ये तिथे आला. ही परंपरा अक्षरशः खरी मानली नाही, तरी वास्को द गामा १४९८ मध्ये पोचला तेव्हा किनाऱ्यावर शेकडो वर्षं जुना ख्रिस्ती समाज होताच.

आपल्या भागात मात्र सुरुवात पोर्तुगीजांबरोबर झाली. १५३४ च्या तहाने वसई आणि मुंबईची बेटं त्यांच्याकडे गेली. त्या राजवटीत सक्ती झाली, देवळं पाडली गेली. हे ख्रिस्ती माणसाने नाकारू नये. पण चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, पोर्तुगीज गेले, आणि हे शेतकरी, बागायतदार, कोळी ख्रिस्तीच राहिले. सक्ती करणारा उरला नव्हता, तरी राहिले. तेव्हापासून पावणेतीनशेहून अधिक वर्षं त्यांनी ही श्रद्धा स्वतः जपली आहे.

मुंबईचे ईस्ट इंडियन म्हणजे हेच मूळ रहिवासी. हे नाव १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास त्यांनी घेतलं. त्यावरून ते बाहेरून आलेले वाटतात, पण खोताची वाडी, माथारपाखाडी, रानवार, गोराई, मनोरी ही त्यांची गावठाणं आहेत आणि घरची बोली मराठी. लग्नाआधी उंबराचं पाणी आणायला वाजतगाजत विहिरीवर जातात, लुगडं नेसतात. वसईच्या सामवेदी ख्रिस्ती लोकांची तर स्वतंत्र बोली आहे.

इंग्रजांबद्दलचा समजही तपासून पाहा. ईस्ट इंडिया कंपनीने व्यापाराला धक्का लागेल या भीतीने मिशनऱ्यांना १८१३ पर्यंत थाराच दिला नव्हता. पुढे अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत शाळा काढल्या.

भाषेचं म्हणाल, तर फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या, आणि त्यात मराठीची स्तुती. रेव्हरंड ना. वा. टिळक, पंडिता रमाबाई, बाबा पदमनजी हे सगळे मराठीतच लिहीत होते. २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. ख्रिस्ती होण्यासाठी मराठीपण सोडावं लागतं, या समजाला इतिहासात आधार नाही.

ख्रिस्ती झाल्यावर नाव बदलावं लागतं का?

नाही. कॅथलिक नियम एवढाच की नाव ख्रिस्ती भावनेला विसंगत नसावं. आशा, आनंद, संजय ही नावं चालतात. आडनावावरूनही काही ठरत नाही. गायकवाड, साळवे, शिंदे, कांबळे ही आडनावं ख्रिस्ती घरांत सर्रास आहेत.

ख्रिस्ती म्हणजे दारू, गोमांस आणि झगा?

यातलं काहीही धर्माने सांगितलेलं नाही. गोमांस खा असं सांगणारा एकही नियम नाही, आणि कित्येक मराठी ख्रिस्ती घरांत ते कधीच शिजत नाही. दारूबाबत बायबल झिंगण्याचा निषेध करतं. कॅथलिकांत माफक पिण्याला बंदी नाही, पण साल्व्हेशन आर्मी, पेंटेकोस्टल आणि सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळ्यांत दारू पूर्ण वर्ज्य. अ‍ॅडव्हेंटिस्टांपैकी अनेक जण शाकाहारी असतात आणि शनिवारी उपासना करतात. हिंदी सिनेमातल्या दारुड्या ख्रिस्ती पात्रांनी या समाजाचं फार नुकसान केलं आहे.

मग टिकली, मंगळसूत्र, दिवाळी?

टिकली आणि मंगळसूत्र याला सरसकट बंदी नाही. अनेक मराठी ख्रिस्ती स्त्रिया मंगळसूत्र घालतात, वाट्यांच्या जागी किंवा जोडीला क्रूस असतो. काही मंडळ्या दागिन्यांपासूनच दूर राहतात.

शेजाऱ्यांचा फराळ खाण्यात कुणालाच अडचण नसते. देवापुढे ठेवलेल्या प्रसादाबद्दल मतभेद आहेत, आणि ते आजचे नाहीत. ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीत हाच वाद पेटला होता आणि येशूचा सुरुवातीच्या काळातला प्रचारक पौल याने तिला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात त्यावर लिहिलं: अन्नाने माणूस देवाजवळ जात नाही की दूरही होत नाही, पण आपल्या वागण्याने दुसऱ्याच्या मनाला ठेच लागत असेल तर जपा. त्यामुळे एखाद्या ख्रिस्ती मैत्रिणीने प्रसाद हात जोडून नाकारला, तर तो तुमचा अपमान नाही. दुसरीने घेतला, तर ती कमी ख्रिस्ती नाही.

तीन देव मानता आणि मरियेचीही पूजा करता, नाही का?

देव एकच. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्या एकाच देवाचं त्रैक्य. ही शिकवण समजायला अवघड आहे, हे ख्रिस्ती धर्मपंडितही मान्य करतात, पण तीन देव असा तिचा अर्थ कधीच नव्हता.

आराधना फक्त देवाची. मरियेला, म्हणजे येशूच्या आईला, आणि संतांना कॅथलिक मान देतात आणि “आमच्यासाठी प्रार्थना कर” अशी विनंती करतात. प्रोटेस्टंट तेही करत नाहीत. त्यांच्या चर्चमध्ये बहुधा मूर्ती नसतात, नुसता क्रूस असतो.

वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत, ८ सप्टेंबरच्या सुमारास, चढावर मेणाचे हात, पाय, घरं, बाळं विकायला मांडलेली असतात. गुडघा दुखतो त्याने मेणाचा पाय घ्यायचा, घर हवं त्याने मेणाचं घर. ही लोकरीत आहे, सर्व धर्मांचे लोक ती पाळतात आणि चर्चने ती थांबवलेली नाही. पण मेणाचा पाय वाहिला म्हणून गुडघा बरा होईलच, अशी हमी चर्च देत नाही. तसा सौदा मनात असेल तर तो ख्रिस्ती शिकवणीत बसत नाही.

फादरला पाप सांगितलं की हिशेब मिटला, पुन्हा करायला मोकळे?

असं असतं तर सोपं होतं. कॅथलिक शिकवणीप्रमाणे मनापासून पश्चात्ताप आणि पुन्हा न करण्याचा निश्चय नसेल, तर पापकबुली पोकळ ठरते. चोरी केली असेल तर वस्तू परत करावी लागते, बदनामी केली असेल तर ती शक्य तितकी निस्तरावी लागते. क्षमा देव करतो, फादर त्याच्या वतीने ती जाहीर करतात. पैसे घेतले जात नाहीत. ऐकलेलं कुणालाही सांगायचं नाही, पोलिसांनाही नाही. जाणूनबुजून थेट उघड करणारा धर्मगुरू तत्काळ बहिष्कृत होतो.

चर्चमध्ये प्रसाद वाटतात तेव्हा मीही रांगेत उभं राहू का?

नको. लग्नाच्या मिस्सात, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत, सर्वांत जास्त चूक इथेच होते.

ती पातळ, पांढरी, गोल चकती निव्वळ गव्हाच्या पिठाची आणि पाण्याची असते, खमीर न घातलेली. पण कॅथलिक श्रद्धेनुसार मिस्सात ती ख्रिस्ताचं शरीर होते. घेणारा कॅथलिक असावा, गंभीर पाप मनावर नसावं आणि आधीचा एक तास काही खाल्लेलं नसावं. लहान कॅथलिक मुलांनाही पहिला कम्युनियन होईपर्यंत, म्हणजे साधारण सात-आठ वर्षांपर्यंत, ती मिळत नाही. तेव्हा तुम्हाला परकं ठरवलं असं समजू नका.

त्या वेळी बाकावर बसून राहा आणि रांगेत जाणाऱ्यांना वाट द्या. चुकून हातात आलीच, तर खिशात, रुमालात किंवा पर्समध्ये ठेवू नका. लगेच फादरकडे परत द्या आणि हळू आवाजात सांगा की मी कॅथलिक नाही. कुणी रागावणार नाही. बाकी प्रार्थनेला उभं राहणं, गाणं, शांत बसणं, सगळं चालतं. चपला काढायची सक्ती नसते. प्रोटेस्टंट मंडळ्यांत प्रभुभोजनाचे नियम वेगळे असतात, पाळक आधी सांगतात.

गुड फ्रायडेच्या शुभेच्छा दिल्या तर काय बिघडतं?

त्या दिवशी येशूला क्रूसावर मारलं. शुभेच्छा देऊ नयेत. चर्चमध्ये वेदीवरचं कापडसुद्धा काढलेलं असतं, घंटा वाजत नाहीत, आणि कॅथलिकांत वर्षातला हा एकच शुक्रवार असा की मिस्सा होतच नाही, दुपारी तीनच्या सुमारास फक्त दुःखस्मरणाची उपासना होते. राखेचा बुधवार (ईस्टरआधीच्या लेंट या उपासकाळाचा पहिला दिवस) आणि हा शुक्रवार, दोन्ही दिवशी १८ ते ५९ वयाच्या कॅथलिकांना उपास असतो: एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडंसं, तेही मिळून पूर्ण जेवणाएवढं होता कामा नये. चौदा वर्षांपुढच्या सर्वांना मांस वर्ज्य.

शुभेच्छा ईस्टरला द्या. धर्माच्या दृष्टीने तो नाताळापेक्षाही मोठा सण आहे, कारण येशू पुन्हा उठला नसेल तर सगळाच विश्वास व्यर्थ, असं पौल म्हणतो. त्याची तारीख २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी पडते, म्हणजे २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान.

पैसे, नोकरी, शाळेतला प्रवेश देऊन धर्मांतर होतं का?

कुणी तसं आमिष दाखवत असेल, तर ते ख्रिस्ती शिकवणीच्याच विरुद्ध आहे. कॅथलिक धर्मविधीसंहिता स्पष्ट सांगते की कुणालाही त्याच्या सदसद्विवेकाविरुद्ध विश्वास स्वीकारायला भाग पाडता येत नाही. “बाप्तिस्मा घे, कॅन्सर बरा होईल, औषधं बंद कर” असं सांगणाऱ्यापासून तर हातभर दूरच राहा.

प्रौढ माणसाचा कॅथलिक चर्चमधला खरा मार्ग लांब असतो. आधी चौकशी, मग आठवड्याच्या शिकवण्या, लेंटच्या सुरुवातीला बाप्तिस्म्यासाठी निवड आणि बहुतेक वेळा ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा. काही महिने ते वर्षभर सहज लागतं. घाई करणाऱ्यालाच थांबवलं जातं. इतर मंडळ्यांत हा काळ कमी-जास्त असतो.

बाप्तिस्म्याचा दाखला हा चर्चचा कागद आहे, सरकारी नोंदी त्याने आपोआप बदलत नाहीत. त्यासाठी प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातली नोंद लागते. धर्मांतराबद्दलचे कायदे राज्याराज्यांत वेगळे आहेत आणि बदलतही असतात, म्हणून अर्जाआधी वकिलाकडून सध्याची तरतूद तपासून घ्या.

ख्रिस्ती झाल्यावर आरक्षण राहतं का?

अनुसूचित जातीचं राहत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात ते हिंदूंपुरतं होतं. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुस्लिम आले नाहीत. अनुसूचित जमातींना धर्माची अशी अट नाही. चर्चमध्ये बाप्तिस्मा आणि कागदावर जुनाच धर्म, असं ठेवून दाखला वापरणं धोक्याचं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात अनुसूचित जातीचा दाखला नाकारला.

हा नियम अन्यायाचा आहे, असं आमचं ठाम मत आहे. बाप्तिस्मा झाला म्हणून गावातली जात पुसली जात नाही, आणि काही ठिकाणी चर्चच्या बाकांवर आणि कबरस्तानातही ती शिरली आहे, याची लाज समाजाने बाळगायला हवी.

ख्रिस्ती मुलाशी किंवा मुलीशी लग्न करायचं, तर धर्म बदलावाच लागतो?

नाही. कॅथलिक चर्चमध्ये दुसरा जोडीदार हिंदू, बौद्ध, मुस्लिम राहूनही लग्न लागू शकतं. त्यासाठी बिशपची परवानगी लागते, अर्ज आपल्या चर्चच्या फादरमार्फत जातो.

निदान तीन-चार महिने आधी फादरना भेटा. कॅथलिक बाजूला बाप्तिस्म्याचा नवा काढलेला दाखला लागतो, सहा महिन्यांहून जुना नको, कारण आधी लग्न झालं असेल तर त्याची नोंद त्याच वहीत असते. दृढीकरणाचा (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याच्या विधीचा) दाखला, विवाहपूर्व शिबिराचं प्रमाणपत्र, अविवाहित असल्याचा पुरावा, हेही जोडा. मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी शक्य ते सर्व करीन, असं वचन कॅथलिक व्यक्ती देते. दुसऱ्याला त्याची कल्पना दिली जाते, त्याच्याकडून वचन घेतलं जात नाही. हा विषय लग्नाआधीच दोन्ही घरांत मोकळेपणी बोलून घ्या.

कायद्याची खरी फसगत वेगळीच आहे. हिंदू आणि ख्रिस्ती यांचं लग्न भटजींकडून विधिपूर्वक लावून हिंदू विवाह कायद्याखाली नोंदवलं, तर ते वैध ठरत नाही, कारण त्या कायद्याला दोघंही हिंदू लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. दोनच सुरक्षित वाटा आहेत: १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा किंवा १९५४ चा विशेष विवाह कायदा. दुसऱ्यात तीस दिवसांची नोटीस लागते आणि दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात आधीचं तीस दिवसांचं वास्तव्य लागतं. फक्त रजिस्टर लग्न केलं, तर कॅथलिक चर्च ते धार्मिक विवाह मानत नाही, म्हणून फादरना आधी विचारा.

ख्रिस्ती लोकांत घटस्फोट नसतोच?

कायद्याने असतो. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात २००१ मध्ये मोठी दुरुस्ती झाली, परस्परसंमतीचा मार्ग खुला झाला आणि स्त्रियांसाठीच्या जाचक अटी गेल्या. कॅथलिक चर्च मात्र घटस्फोट मानत नाही. लग्न मुळातच वैध नव्हतं का, एवढंच चर्चचं न्यायाधिकरण तपासतं. हे दोन वेगळे निकाल आहेत. चर्चने लग्न रद्दबातल ठरवलं म्हणून कोर्टात न जाता दुसरं लग्न केलं, तर तो द्विभार्येचा गुन्हा होऊ शकतो.

वारसाहक्क: मृत्युपत्र नसेल तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलगे-मुलींना समान.

दहन चालतच नाही, पुरावंच लागतं?

कॅथलिक चर्चने १९६३ मध्येच दहनाला परवानगी दिली. अस्थी घरात ठेवू नयेत, समुद्रात विसर्जन करू नये, पवित्र ठिकाणी ठेवाव्यात, एवढी अपेक्षा.

मुंबईत जागेची टंचाई इतकी आहे की कायमची कबर क्वचितच मिळते. बहुतेक चर्चमध्ये साधारण दोनेक वर्षांनी कबर उघडून अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि तीच जागा पुढच्याला देतात. नायलॉन-पॉलिएस्टरचे कपडे, बूट, प्लॅस्टिकची फुलं आणि जाड पॉलिश केलेली पेटी असेल, तर देह वेळेत मातीला मिळत नाही आणि कुटुंबाला कबर उघडताना नको ते पाहावं लागतं. सुती कपडा आणि साधी लाकडी पेटी द्या. जाणाऱ्या पाहुण्यांनी पांढरे किंवा फिके कपडे घातले, खरी फुलं नेली की पुरे.

मला ख्रिस्ती व्हायचं नाही, फक्त समजून घ्यायचं आहे. काय वाचू?

बायबल पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका. बहुतेक लोक तिसऱ्या पुस्तकातल्या अर्पणांच्या नियमांपाशी अडकतात आणि सोडून देतात. मार्ककृत शुभवर्तमानापासून सुरू करा. शुभवर्तमान म्हणजे येशूचं जीवन आणि शिकवण सांगणारं पुस्तक. सोळा अध्याय, चारही शुभवर्तमानांत सर्वांत छोटं, एका संध्याकाळी वाचून होतं. त्यानंतर लूक, मग मत्तयचे पाच ते सात हे अध्याय, ज्यात डोंगरावरचं प्रवचन आहे. मराठी प्रत घेताना एवढं पाहा की कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं असतात आणि प्रोटेस्टंटमध्ये ६६. फरक जुन्या करारात आहे, शुभवर्तमानं दोन्हींत तीच.